पाचव्या चाकाचा भार

मुलांकडे अमेरिकेत सहा महिने राहून आलेल्या कोणालाही विचारा, तिथल्या महामार्गावर हे दृश्य त्यांनी पाहिलेले असते. पुढे एक रुंद पिकअप ट्रक आणि त्याच्या मागच्या हौद्यात नाक टेकवून चाललेले एक अख्खे घर. आत पलंग, स्वयंपाकघर, न्हाणीघर, कधी कपडे धुण्याचे यंत्रसुद्धा. मुक्कामाला पोचल्यावर या घराच्या भिंती टेबलाच्या खणासारख्या बाहेर सरकतात आणि दिवाणखाना तयार होतो. या घराला तिथे ‘फिफ्थ व्हील’ म्हणतात, म्हणजे पाचवे चाक. भरल्यावर त्याचे वजन सहा-सात टनांच्या घरात जाते. बहुतेकदा ते विकत घेणारे जोडपे निवृत्तीच्या उंबरठ्यावर असते आणि आयुष्यभराच्या शिलकीतला मोठा हिस्सा त्यात घातलेला असतो. मग प्रश्न उरतो तो ट्रकचा. हे घर ओढायला कोणता ट्रक घ्यायचा?

हा प्रश्न यंत्रशास्त्राचा वाटतो आणि तो आहेही. पण त्याच्या पोटात एक जुना गोंधळ दडला आहे: ओढणे आणि पेलणे या दोन वेगळ्या क्रियांना एकच समजण्याचा. जाहिरात ओढण्याचा आकडा विकते, तर रस्ता पेलण्याचा आकडा विचारतो. या दोहोंमधल्या अंतरात दरवर्षी कित्येक कुटुंबे फसतात. मी अभियंता नाही. गाड्यांच्या पुस्तिका, सरकारी नियम आणि जुन्या वाहनांचा इतिहास वाचत वाचत या विषयात शिरलो. जे हाती लागले ते इथे मांडतो.

नाव कुठून आले

घोडागाडीला चार चाके असत. पुढची दोन चाके वळावीत म्हणून पुढचा आस गाडीच्या सांगाड्याखाली फिरता ठेवावा लागे. आस आणि सांगाडा यांच्यामध्ये लोखंडाची एक आडवी, गोल तबकडी बसवत. ती जमिनीला कधी टेकत नसे, पण आकाराने चाकासारखीच. म्हणून कारागिरांनी तिला पाचवे चाक म्हटले.

मोटार आल्यावर ही तबकडी नव्या कामाला लागली. १९१४ साली डेट्रॉइटमधल्या सिब्ली नावाच्या लाकूड व्यापाऱ्याला आपली होडी फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीमागून सरोवरापर्यंत न्यायची होती. ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराने त्यासाठी एक गाडा बनवला. त्याला चाके फक्त मागे होती आणि पुढचे टोक मोटारीवर टेकत असे. फ्रूहॉफने त्याला ‘सेमी-ट्रेलर’ म्हटले. त्याच दशकात चार्ल्स मार्टिन याने ट्रकच्या पाठीवर बसणारी, पुढे-मागे झुलणारी तबकडी तयार केली आणि तिला ‘फिफ्थ व्हील’ हेच जुने नाव चिकटले. पुढे विमानविद्येतला अग्रणी ग्लेन कर्टिस याने १९२०च्या दशकाच्या अखेरीस ‘एरोकार’ नावाचे प्रवासी ट्रेलर बाजारात आणले. त्यांचे नाकही ओढणाऱ्या मोटारीच्या मागच्या भागावर टेकत असे. आजच्या फिरत्या घरांचे कूळ इथपर्यंत मागे नेता येते.

आपल्याकडे हे पाचवे चाक पाहायचे असेल तर न्हावा-शेव्याच्या रस्त्यावर उभे राहावे. कंटेनर ओढणाऱ्या प्रत्येक ट्रेलरच्या पोटाखाली एक जाड पोलादी खुंटी असते. तिला ‘किंगपिन’ म्हणतात. ती ट्रकवरच्या तबकडीच्या जबड्यात अडकते. या खुंटीचा प्रचलित व्यास २ इंच आहे आणि अमेरिकन निवृत्तांच्या घराखाली असते तीही साधारण याच मापाची. फरक इतकाच, की न्हावा-शेव्याचा ट्रक जन्मापासून याच कामासाठी बांधलेला असतो. पिकअप ट्रक मुळात शेतकऱ्याचा आणि सुताराचा. पाचव्या चाकाचे ओझे त्याच्यावर नंतर आले.

जू आणि ओढ

ओढणे आणि पेलणे यांतला फरक आपल्या गाडीवानांना पुस्तकाशिवाय ठाऊक होता. दोन चाकी बैलगाडीत बहुतेक वजन आसावर असते, पण थोडे पुढे, बैलांच्या मानेवर यावे लागते. माल मागे जास्त भरला तर गाडी उलाळते, जू वर उचलले जाते आणि गळ्याखालचा पट्टा बैलाला काचतो. पुढे जास्त भरला तर मान दबते आणि बैल थोड्याच वेळात बसकण मारतो. दोन्ही वेळा गाडीतले एकूण वजन तेच असू शकते आणि बैलाची ताकदही तीच. बदलली ती फक्त मानेवरची वाटणी. १९७०च्या दशकात बंगळुरूच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेचा ध्यास घेतला, तेव्हा जुवाखाली बैलाच्या मानेला होणाऱ्या जखमा हा त्यांच्या चिंतेचा एक विषय होता.

ट्रकमागचा ट्रेलर म्हणजे हीच गाडी. साधा ट्रेलर ट्रकच्या शेपटाला, बंपरखालच्या गोळ्याला जोडतात. हा गोळा मागच्या आसाच्या तीन-चार फूट मागे असतो. त्याच्यावर वजन पडले की ट्रक तरफेसारखा वागतो. मागचे टोक दबते आणि पुढची चाके हलकी होतात. शिवाय वाऱ्याने किंवा शेजारून गेलेल्या मोठ्या ट्रकने ट्रेलर बाजूला ढकलला, तर तो लांबलेल्या शेपटावर जोर लावून ट्रकलाही डोलवतो. हे डोलणे आवरण्यासाठी साध्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग गोळ्यावर ठेवावा, असा नियम आहे.

फिफ्थ व्हीलची खुंटी हौद्याच्या आत, मागच्या आसाच्या अगदी वर किंवा किंचित पुढे येते. तिथे तरफेला जागाच नाही. भार सरळ आसावर उतरतो, त्यातला थोडा पुढच्या चाकांकडेही जातो आणि बाजूच्या धक्क्याला पकडायला लांब दांडा मिळत नाही. म्हणून मोठी, उंच घरे याच पद्धतीने जोडतात. ही स्थिरता मात्र फुकट मिळत नाही. फिफ्थ व्हीलच्या एकूण वजनाचा पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, ट्रकच्या पाठीवर येतो. ओढ सोपी होते, पण मानेवरचा भार वाढतो. पिकअप निवडताना चूक होते ती इथे.

पुस्तिकेतला आकडा

अमेरिकन पिकअपची जाहिरात एका आकड्याभोवती फिरते: हा ट्रक किती पौंड ओढतो? (२.२ पौंड म्हणजे साधारण एक किलो.) बरीच वर्षे हा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवत असे. प्रतिस्पर्ध्याने शंभर पौंड वाढवले की आपणही वाढवायचे, असा खेळ होता. २००८ साली वाहन अभियंत्यांच्या संघटनेने, ‘एसएई’ने, जे२८०७ नावाची समान चाचणी ठरवली. टोयोटाने ती आधी स्वीकारली. बाकीच्या मोठ्या कंपन्या काही वर्षे एकमेकींची वाट पाहत थांबल्या आणि मग आल्या.

ही चाचणी कठोर आहे. अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळचा सुमारे ११ मैलांचा चढ तिचे मैदान. भर उन्हात, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, पूर्ण भाराचा ट्रेलर ओढत ट्रकने ताशी ४० मैलांखाली येता कामा नये. मागे जोडचाके असतील तर ३५ मैल. १२ टक्के चढावर थांबून पुन्हा पुन्हा निघता आले पाहिजे. या कसोटीमुळे आकड्यांना प्रामाणिकपणा आला, हे मान्य करायला हवे.

पण हा आकडा कोणाचा, तेही पाहायला हवे. चाचणीतल्या ट्रकमध्ये चालक आणि एक सहप्रवासी, प्रत्येकी १५० पौंडांचे, म्हणजे ६८ किलोंचे, गृहीत धरलेले असतात. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर झळकणारा सर्वांत मोठा आकडा त्या नावाच्या प्रत्येक ट्रकचा नसतो. एका विशिष्ट इंजिनाचा, विशिष्ट गिअर-प्रमाणाचा आणि बहुधा साध्या केबिनचा ट्रक घेतला, तरच तो लागू पडतो. फोर्डने २०२३च्या एफ-४५० ट्रकसाठी ४०,००० पौंडांचा आकडा जाहीर केला. तो खोटा नाही. पण विक्रेत्याच्या आवारात उभ्या असलेल्या, चामड्याची आसने आणि काचेचे छत असलेल्या, चार दारांच्या ट्रकला तो लावणे म्हणजे शर्यतीच्या बैलाचा पराक्रम नांगराच्या बैलाला लावण्यासारखे आहे.

दाराच्या चौकटीवरची पट्टी

खरा आकडा छोट्या अक्षरांत, चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. तिथल्या पट्ट्यांपैकी एकीवर ट्रकची एकूण वजनमर्यादा आणि प्रत्येक आसाची मर्यादा छापलेली असते. १०,००० पौंडांपर्यंतच्या वाहनांवर दुसऱ्या पट्टीवर एक साधे वाक्य असते: माणसे आणि सामान मिळून इतक्या वजनापेक्षा जास्त भरू नका. हा आकडा त्या एका ट्रकचा असतो, कारखान्यातून बाहेर पडताना त्याच्यावर जे जे बसवले ते धरून. पेलण्याची ताकद म्हणजे हीच. तिला ‘पेलोड’ म्हणतात. १०,००० पौंडांवरच्या ट्रकवर हे वाक्य असेलच असे नाही. तिथे खरेदीदाराने ट्रक काट्यावर नेऊन स्वतः वजाबाकी करावी लागते.

आता एक उदाहरण गोल आकड्यांत करून पाहू. घराची कमाल वजनमर्यादा १४,००० पौंड, म्हणजे साधारण साडेसहा टनांच्या आत. पाचवा हिस्सा खुंटीवर धरला तर २,८०० पौंड. हौद्यात बसवायची तबकडी, म्हणजे हिच, २०० पौंड. नवरा-बायको मिळून ३५०. हत्यारपेटी, कुत्रा, किरकोळ सामान १५०. बेरीज ३,५०० पौंड.

ज्याला तिथे ‘पाऊण टनाचा’ म्हणतात तो डिझेल ट्रक घ्या. एकूण मर्यादा १०,००० पौंड, स्वतःचे वजन ७,७०० च्या आसपास. पेलायला उरले २,३००. म्हणजे १,२०० पौंड, जवळजवळ साडेपाचशे किलो, जादा. हाच ट्रक पुस्तिकेप्रमाणे १४,००० पौंड सहज ओढतो. इंजिन कुरकुर करणार नाही आणि विक्रेताही शपथेवर ‘ओढेल’ म्हणेल. दोघेही खरेच बोलतात. दबते ती पाठ.

इथे आणखी एक फसगत होते. घराच्या पुस्तिकेत ‘कोरडे वजन’ छापलेले असते, म्हणजे पाण्याशिवाय, गॅसच्या टाक्यांशिवाय, भांडी-अंथरुणांशिवाय. एक अमेरिकन गॅलन पाणी सव्वाआठ पौंडांहून अधिक भरते. ६० गॅलनची टाकी भरली की ५०० पौंड. कोरड्या घरात कोणी राहत नाही. म्हणून हिशेब कोरड्या वजनावर मांडायचा नाही, कमाल मर्यादेवर मांडायचा.

बळ वाढले की पाठ हलकी होते

सामान्य बुद्धीला चकवणारी गोष्ट इथे येते. ओढायला कमी पडू नये म्हणून माणूस पेट्रोलऐवजी डिझेल इंजिन घेतो. डिझेल इंजिन कित्येक शे पौंडांनी जड असते. एकूण मर्यादा तीच राहिली, तर इंजिनाचे वाढलेले वजन पेलण्याच्या आकड्यातून वजा होते. चारही चाकांना जोर, मोठी केबिन, काचेचे छत, विजेवर सरकणाऱ्या पायऱ्या या सगळ्याची किंमत पैशांत एकदा आणि पाठीत दुसऱ्यांदा मोजावी लागते. एकाच वर्गातला साधा पेट्रोल ट्रक सजवलेल्या डिझेल ट्रकपेक्षा अधिक भार पेलू शकतो, तो यामुळेच.

‘अर्धा टन’, ‘पाऊण टन’, ‘एक टन’ ही नावे एकेकाळी अक्षरशः खरी होती. १९१७ चा फोर्ड ‘मॉडेल टीटी’ एक टन वाहणारा म्हणूनच विकला जाई. आज ती फक्त वर्गांची नावे उरली आहेत आणि अर्ध्या टनाचा ट्रक अर्ध्या टनाहून पुष्कळ अधिक वाहतो. या वर्गांच्या सीमा रस्त्याने कमी आणि कायद्याने जास्त आखल्या आहेत. फोर्डचा एफ-१५० १९७५ साली आला तोच ६,००० पौंडांखालच्या वाहनांना लागू होणाऱ्या प्रदूषण नियमांच्या वर राहण्यासाठी. आजचे पाऊण टनाचे पुष्कळ ट्रक नेमके १०,००० पौंडांवर थांबतात, त्यामागेही नोंदणी आणि वर्गवारीचे हिशेब आहेत. म्हणून काही जाणकार म्हणतात, की पाऊण टनाच्या आणि एक टनाच्या ट्रकचे आस आणि ब्रेक पुष्कळदा सारखेच असतात, फरक फक्त पाट्यांच्या स्प्रिंगांचा आणि पट्टीचा, तेव्हा पट्टी फार मनावर घेऊ नये.

या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. पट्टी कायद्याची असली तरी तिच्या खालचे टायर आणि स्प्रिंग कायद्याचे नसतात. प्रत्येक टायरवर तो किती भार उचलेल ते कोरलेले असते आणि आसाची मर्यादा वेगळी छापलेली असते. ज्याला एकूण मर्यादेशी वाद घालायचा आहे, त्याने निदान मागच्या आसाची आणि टायरची मर्यादा ओलांडू नये. सामान्य खरेदीदाराने मात्र वाद घालूच नये. एक टनाचा ट्रक घ्यावा. वरच्या उदाहरणात १२,००० पौंड मर्यादेचा आणि ७,९०० पौंड वजनाचा एक टनी ट्रक ४,१०० पौंड पेलतो, म्हणजे ६०० पौंड हातचे राहतात. मागे जोडचाके असलेला, ज्याला ‘ड्युअली’ म्हणतात तो, ५,००० पौंडांच्या पुढे जातो आणि एक टायर फुटला तरी शेजारचा उभा असतो. तो बाजारात उभा करायला त्रासदायक, हे खरे. पण घर १५-१६ हजार पौंडांच्या पुढे गेले, की तो चैनीचा विषय राहत नाही.

उतार

ओढण्याचा आकडा चढावर ठरतो. माणसे मरतात ती उतारावर. बोरघाटाच्या पायथ्याशी ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांच्या बातम्या वाचलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको. ट्रक आणि घर मिळून दहा टनांची जोडी ५०० मीटर खाली उतरते, म्हणजे खंडाळ्याहून खोपोलीला येते असे धरू. या उतरण्यात मोकळी होणारी ऊर्जा सुमारे साडेतेरा युनिट विजेएवढी भरते. दोन हजार वॉटचा गीझर जवळजवळ सात तास चालवल्यावर जेवढी उष्णता निघेल, तेवढी पंधरा-वीस मिनिटांत कुठेतरी जिरवावी लागते. सगळी ब्रेकवर टाकली तर ब्रेक लाल होतात आणि पेडल पायाखाली जाते, पण गाडी थांबत नाही.

डिझेल ट्रकला इथे खरा फायदा आहे आणि तो जाहिरातीत सहसा शेवटी येतो. टर्बो डिझेलमध्ये ‘एक्झॉस्ट ब्रेक’ असतो. धूर बाहेर जाण्याची वाट अरुंद करून इंजिनालाच तो ब्रेक बनवतो. कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगदा ३,४०० मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या पश्चिमेला ७ टक्क्यांचा लांब उतार आहे. तिथे या ब्रेकची किंमत कळते. चढताना विरळ हवेत साध्या पेट्रोल इंजिनाचा जोर हजार फुटांमागे साधारण तीन टक्क्यांनी घटतो, टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतो. म्हणजे रॉकी पर्वतात हिंडायचे असेल तर डिझेल, आणि सपाट टेक्ससमध्ये वर्षातून चार सहली करायच्या असतील तर साधे पेट्रोल इंजिन व वाचलेली पाठ, असा निवाडा करता येतो. घरालाही स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक असतात आणि ते चालकाच्या हाताखालून चालतात. ते तपासल्याशिवाय घाट उतरू नये.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. हौदा आठ फुटी असावा. साडेपाच-साडेसहा फुटी हौद्यात घराचे नाक काटकोनात वळताना केबिनची मागची काच फोडू शकते. त्यासाठी मागे सरकणारी तबकडी मिळते, पण तिचे वजन पुन्हा पाठीवरच. परवान्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात १५,००० पौंडांवरच्या फिफ्थ व्हीलला वेगळ्या वर्गाचा परवाना लागतो.

काटा

हा सगळा खटाटोप कोणासाठी? हौशी सहलीवाल्यांची चूक पैशांत भरून निघते. पण ज्यांचे हे एकमेव घर आहे, त्यांचे तसे नाही. जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’ (२०१७) या पुस्तकाने आणि त्यावरच्या चित्रपटाने ही माणसे जगासमोर आणली: घरभाडे परवडत नाही म्हणून चाकांवर राहणारे, हंगामी कामामागे फिरणारे म्हातारे. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या सीमेवरच्या रेड रिव्हर खोऱ्यात ऑक्टोबरमध्ये साखरेच्या बीटची काढणी होते, तेव्हा कित्येक जण आपले घर मागे जोडून तिथे येतात. आपल्याकडे दिवाळी संपता संपता बीडची ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागतात. दोन्ही साखरच, दोन्हीकडे संसार चाकांवर. पण बीटवाल्याच्या दारात निदान स्वतःचे न्हाणीघर असते, ऊसतोडीच्या बाईच्या कोपीत तेही नसते. साम्य दाखवताना हे अंतर विसरू नये.

आपल्याकडे काटा म्हटले की शेतकऱ्याला आधी काटामारी आठवते, कारण तिथे वजन दुसरा कोणी ठरवतो. अमेरिकेत ट्रकतळांवर १९७७ पासून ‘कॅट स्केल’चे सार्वजनिक काटे आहेत. पुढचा आस, मागचा आस आणि घराचे आस वेगवेगळ्या फळ्यांवर उभे राहतात आणि तीन वजने छापून हातात येतात. तिथे जाण्याची सक्ती या घरवाल्यांवर नसते. ज्याला जाणून घ्यायचे आहे तोच जातो.

म्हणून निवडीचा क्रम उलटा करावा. आधी घर ठरवावे. त्याच्या कमाल वजनाचा पाचवा हिस्सा, शक्य तर थोडा अधिक, काढावा. त्यात माणसे, हिच आणि सामान मिळवावे. मग विक्रेत्याच्या आवारात जाऊन पुस्तिका बाजूला ठेवावी, दार उघडावे आणि चौकटीवरची पट्टी वाचावी. बेरीज पट्टीत बसली तर पुढचे बोलणे, नाही बसली तर दुसरा ट्रक. घर विकत घेतल्यावर ते भरून एकदा काट्यावर न्यावे. ट्रक किती ओढतो हा प्रश्न मग दुय्यम ठरतो, तरी तोही आकडा एकदा पडताळून पाहावा. जो ट्रक पाठीवर एवढे पेलतो, तो बहुधा ते घर ओढतोही. उलट मात्र खरे नाही.